रविवारच्या वहीत काय मोजायचं?

पत्र थोडक्यात असं : साताऱ्याच्या एका वाचक ताई, वय त्रेचाळीस, पतसंस्थेत नोकरी. मागच्या गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, त्यांनी कॉलेजातल्या चार मैत्रिणींबरोबर '१००१ दिवसांत १०१ गोष्टी' हे आव्हान घेतलं. प्रत्येकीने आपापली यादी करायची आणि दर रविवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजवर इतक्या झाल्या' असा आकडा टाकायचा. चाळीस आठवडे संपले. ताईंच्या यादीवर १७ खुणा आहेत, एका मैत्रिणीच्या ४४. मधल्या काळात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा दहावीला आहे. ताई लिहितात, "ओळीने सहा रविवार आकडा हलला नाही. सातव्या रविवारी पडदे अर्धे शिवून झाले होते, तरी त्यावर खूण केली आणि ग्रुपवर टाकलं. आता रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. हे सोडून देऊ, येत्या पाडव्याला नवी यादी करून पहिल्यापासून सुरुवात करू, की रेटत राहू? आणि माझ्यात चिकाटीच नाही, हे मान्य करायचं का?"

ताई,

पत्राबरोबर यादीचे आणि रविवारच्या पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. नुसतं पत्र वाचलं असतं तर तुमच्या हातून काही होतच नाही, असं मलाही वाटलं असतं. यादी समोर असल्यामुळे तसं वाटत नाही.

तुमच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर 'ज्ञानेश्वरी पूर्ण वाचणे' आहे. पुढे तुम्ही पेन्सिलीने 'नऊ अध्याय' लिहिलंय आणि खुणेचा चौकोन अर्थातच रिकामा आहे. आता हिशेब करू. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. १००१ दिवसांत ती पुरी करायची तर रोज नऊ ओव्या पुरतात. चाळीस आठवडे म्हणजे २८० दिवस, म्हणून आजवर २५२० ओव्या व्हायला हव्या होत्या. पाठभेदाने थोडं इकडेतिकडे होईल, पण पहिल्या नऊ अध्यायांच्या मिळून २८०० च्या वर ओव्या होतात. म्हणजे तुम्ही ठरल्या चालीच्या पुढे आहात. ऑपरेशन, दवाखान्याच्या खेपा आणि मुलाचे क्लास सांभाळून पुढे आहात. तुमच्या वहीत मात्र या सगळ्या वाचनाची नोंद शून्य आहे.

पुढे हे आणखी बोचणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. पाचवा अध्याय जेमतेम १८० ओव्यांचा होता. अठरावा अठराशेच्या वर आहे. रोज नऊच्या चालीने तो एकटाच दोनशे दिवस घेईल. तुम्ही नेमाने वाचत असाल आणि सहा महिन्यांत एकही 'अध्याय संपला' असं लिहिता येणार नाही. त्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक रविवारी तुम्ही स्वतःला चिकाटी नसलेली बाई म्हणणार आहात का?

तुमची वही फक्त शेवट टिपते आणि माझ्या मते सगळी अडचण तिथे आहे. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्या काळात शेतकरी पाण्याची पाळी कधी दिली, खत कधी घातलं, खुरपणी कधी झाली, हे लिहून ठेवतो. दर आठवड्याला साखर किती निघाली, हे कुणी लिहीत नाही. तुम्ही मात्र दर रविवारी साखर मोजायला बसता.

आठवड्याला नोंद करणं वाईट आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. २०१६ साली शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी या विषयावरचे १३८ अभ्यास एकत्र तपासले. आपली प्रगती अधूनमधून तपासणारी माणसं ठरवलेलं जास्त तडीस नेतात आणि ती तपासणी कागदावर उतरवली किंवा चारचौघांत सांगितली तर परिणाम आणखी वाढतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे वही आणि मैत्रिणींचा ग्रुप या तुमच्या दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की तिथे लिहायचं काय.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की १०१ गोष्टी सारख्याच वजनाच्या आहेत. १००१ दिवस म्हणजे बरोबर १४३ आठवडे. १०१ भागिले १४३ केलं की आठवड्याला पाऊणपेक्षा थोडी कमी गोष्ट येते आणि चाळीस आठवड्यांत २८ व्हायला हव्या होत्या, हे तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. गणित बरोबर आहे. पण 'वाचनालयाचं सभासद होणे' आणि 'हिल हाफ मॅरेथॉन पळणे' या दोन्हींना तुमच्या वहीत एकेकच चौकोन आहे. एकीला शनिवारची सकाळ पुरते. दुसरीला यवतेश्वरचा घाट चढून उतरायची, २१ किलोमीटरची तयारी करायला चार-पाच महिने लागतात. असं मोजलं की मन आपोआप सोप्या गोष्टींकडे वळतं. तुमच्या १७ खुणांपैकी बऱ्याचशा पडदे, डबे, वाचनालय, फोटो-अल्बम अशा आहेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. त्यात कमीपणा काही नाही. पण रविवारचा आकडा हलावा म्हणून तुम्ही सोप्या गोष्टी निवडत गेलात आणि जिच्यासाठी यादी केली होती ती मोडी लिपी, ते पेटीवादन, तो घाट कोपऱ्यात राहिला, असं मला दिसतं.

मैत्रिणीचे ४४ कसे झाले, हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तिची यादी तुम्ही पाहिलेली नाही, असं तुम्हीच लिहिता. तिच्या घरी ऑगस्टमध्ये काय चाललं होतं आणि तुमच्या घरी काय चाललं होतं, हेही त्या आकड्यांत नाही. मग त्यांची तुलना कशावर करायची?

आता तुम्ही विचारलेल्या तीन वाटा.

सोडून देणं ही चुकीची वाट नाही, हे आधी स्पष्ट सांगते. हे आव्हान तुम्ही हौसेनं घेतलं, कुणाचं देणं नाही. पण सोडायचं तर यादी नकोशी झाली म्हणून सोडा. रविवार नकोसा झालाय म्हणून यादी सोडू नका. तुमच्या पत्रात यादीबद्दल एकही कडवट ओळ नाही. सासूबाईंच्या हातच्या दहा पदार्थांची वही करायची आहे त्याबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय. तळलेल्या मोदकांच्या सारणात त्या खसखस कधी घालतात आणि किती भाजतात, इथपर्यंत. असं लिहिणारी बाई यादीला कंटाळलेली नसते.

पाडव्याला नव्याने सुरुवात करण्याचा मोह मला समजतो. पाडवा १९ मार्चला आहे, कोरी वही, कोरी पाटी. नवं वर्ष, वाढदिवस, महिन्याची किंवा आठवड्याची सुरुवात अशा दिवशी माणसाला नवी उमेद येते, हे २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी व्यायामशाळेतल्या हजेरीपासून बऱ्याच गोष्टी तपासून दाखवलंय. पण ती उमेद सुरुवात करायला उपयोगी पडते आणि तुमचं घोडं सुरुवातीला अडलेलंच नाही. नव्या वहीत हाच रविवार आणि हाच आकडा राहिला, तर पुढच्या मार्गशीर्षात हेच पत्र पुन्हा येईल. शिवाय ज्ञानेश्वरीच्या २८०० ओव्यांचं काय करणार? त्या नव्याने वाचणार?

रेटत राहणं, म्हणजे आत्ता चाललंय तसंच, हे मात्र मला सगळ्यात घातक वाटतं. त्याचं पहिलं फळ तुम्ही सांगितलंच आहे, अर्ध्या पडद्यांवरची खूण.

माझं मत असं : यादी हीच ठेवा, शेवटची तारीखही तीच ठेवा, २५ डिसेंबर २०२७. पाडव्याचा मुहूर्त यादी चाळायला वापरा आणि आठवड्याची नोंद या आठवड्यापासूनच बदला.

यादी चाळताना सगळ्यात आधी ऋतूच्या गोष्टी वेगळ्या काढा, कारण त्यांना साप्ताहिक आकड्याशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या यादीत अशा निदान चार आहेत. कासची फुलं बहुतेक सप्टेंबरातच बहरतात. तुम्ही साताऱ्यात, पठार घरापासून पंचवीस किलोमीटरवर, तरी मागचा हंगाम हुकला. का, ते उघड आहे. उरलेल्या काळात असे दोनच हंगाम आहेत, २०२६ चा आणि २०२७ चा. काजवे मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस जोर धरेपर्यंत. तेही दोनदाच. मॅरेथॉन पावसाळ्याच्या अखेरीस असते, नोंदणी कित्येक महिने आधी होते. तेव्हा २०२६ ची शर्यत पळायची तर निर्णय उन्हाळ्याआधी हवा. मला विचाराल तर मुलाची परीक्षा संपल्यावर हळूहळू धावायला लागा आणि शर्यत २०२७ ला ठेवा. वारीत एक दिवस चालायचं, तेही दोनदाच शक्य. अशा गोष्टींसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण हवी, वहीतल्या चौकोनाने काही होत नाही. एप्रिलातल्या रविवारी कास 'झालं नाही' याचं दुःख करायचं कारणच नाही.

मग साठत जाणाऱ्या गोष्टी. ज्ञानेश्वरी, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक, मोडी, सासूबाईंचे पदार्थ. यांच्यापुढे चौकोन ठेवू नका, जिना ठेवा : किती झालं, किती उरलं. पदार्थ दहा आहेत, तर दहा रेघा. शिल्लक आवर्ती ठेवीत टाकून द्या आणि महिन्यातून एकदाच बघा. दर आठवड्याला पासबुक उघडून काही वाढत नाही. मोडी वाचता यायला आधी अक्षरं ओळखता आली पाहिजेत आणि ते रोजच्या दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी वर्ग होतात. साताऱ्याहून दर आठवड्याला जाणं झेपणारं नसेल तर एखादं सुटीतलं शिबिर बघा.

सवयीच्या गोष्टींबाबत एक शब्द खोडायला सांगते. '३० दिवस सलग सूर्यनमस्कार' यातला 'सलग'. एकोणिसाव्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तुम्ही पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली, मग आठव्या दिवशी सोडूनच दिलं. लंडनमध्ये २०१० साली सवयींवर एक गाजलेला अभ्यास झाला. त्यात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्यातलं मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की मध्ये एखादा खाडा पडल्याने काही बिघडलं नाही. तेव्हा 'महिन्यात पंचवीस दिवस' असं लिहा. आजारपण, पाहुणे, लग्नकार्य हे सगळं आपल्या घरांत असणारच, त्याला जागा सोडूनच नेम करावा.

आणि एक गोष्ट तुम्ही चाळीस आठवडे नुसती वाचून पुढे जाताय, ती 'मृत्युपत्र करणे'. असं बऱ्याच जणांचं होतं. विषय काढला की घरात कुणीतरी "काय ते अभद्र" म्हणतं. पण काम वाटतं तितकं मोठं नाही. साध्या कागदावर लिहिलेलं चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी करणं चांगलं पण सक्तीचं नाही. ज्यांना काही द्यायचंय त्यांना साक्षीदार करू नका. यातली पहिली पायरी म्हणजे खाती, पॉलिसी, घराचे कागद कुठे आहेत, याची एक पानाची यादी. ती एका दुपारी होते आणि ती झाली त्या आठवड्यात वहीत अभिमानाने लिहायची.

आता ते आठवड्याचं पान. वेळ आधी बदला. रविवारी रात्री म्हणजे उद्याचा डबा, गणवेशाची इस्त्री, कामाचा सोमवार डोक्यावर. त्या घटकेला कुणालाही स्वतःबद्दल चांगलं वाटत नाही. बुधवारी दुपारी कामावर जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं काढा. एक फायदा असा, की काही राहून गेलेलं दिसलं तर त्या आठवड्याचे दिवस हातात असतात. रविवारी रात्री नुसता निकाल लागतो.

पान कसं असावं, ते तुमच्याच एका जुन्या आठवड्यावरून लिहून दाखवते. सप्टेंबरातल्या एका रविवारी तुम्ही फक्त '११, बदल नाही' लिहिलंय. त्या आठवड्याबद्दल पत्रात जे सांगितलंत, ते वहीत असं येऊ शकलं असतं :

"घरात : आईंचे टाके निघाले. चार दिवस रजा. पुढे सरकलं : ज्ञानेश्वरी, नववा सुरू, ४० ओव्या, दवाखान्यात बाकावर बसून. आईंनी पडल्या पडल्या डाळफळांची कृती सांगितली, लिहून घेतली (१० पैकी ३). अडलं : पेटीचे सर फोन उचलत नाहीत, निरोप ठेवायचा. पुढच्या आठवड्यात : गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताना सरांच्या घरी जाणे."

तोच आठवडा आहे. यातली पहिली ओळ गाळू नका, 'घरात' काय होतं ती. घर सांभाळणाऱ्या बाईच्या वहीत ती ओळ नसली, तर वर्षाने पान उलटताना फक्त शून्य दिसतं आणि त्या शून्याखाली कुणाची सेवा होती ते आपलं आपल्यालाच आठवत नाही. 'अडलं' मध्ये स्वतःला नावं ठेवू नका, कशापाशी अडलं तेवढंच लिहा : फोन, पैसे, रजा, सोबत, भीती. आणि पुढच्या आठवड्यासाठी गोष्ट एकच, वार आणि वेळ घालून. बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःत आणायच्या तेरा गुणांची यादी केली होती आणि छोट्या वहीत रोजच्या चुकांचे काळे ठिपके तो मांडायचा. पण एका आठवड्यात खास लक्ष एकाच गुणाकडे, बाकीचे बारा जसे जमतील तसे. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. १०१ गोष्टी समोर घेऊन बसलं की माणूस एकही उचलत नाही.

यादीतल्या काही गोष्टी खोडायलाही हरकत नाही. आव्हान घेतलं तेव्हा १०१ चा कोटा भरायला शेवटच्या वीसेक गोष्टी घाईत लिहिल्या, असं तुम्ही म्हणता. तशा बहुतेक सगळ्याच लिहितात. त्यांच्यावर एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख व कारण लिहा : 'आता नको वाटतं', 'मुलगा मोठा झाला', 'मैत्रिणीची बघून लिहिली होती'. आजच्या चालीने गेलात तरी शेवटी साठेक गोष्टी झालेल्या असतील. मला विचाराल तर त्या साठ कुठल्या असाव्यात, एवढंच पाडव्याच्या दिवशी ठरवा. पेटी, मोडी, पदार्थांची वही आणि तो घाट त्यात असेल तर यादी सार्थकी लागली, असं मी म्हणेन.

तुमच्यासारखीच यादी करून बसलेल्या इतर वाचकांना एक सांगायचंय. तुमच्या नोंदीत सलग महिनाभर काहीही 'सरकलं' नसेल आणि 'घरात' ही ओळही रिकामी असेल, तर मात्र यादीकडे नीट बघा. तिथे नोंदीची पद्धत बदलून भागत नाही. ती गोष्ट आपल्याला खरंच हवी आहे का, हे विचारावं लागतं. ताईंचं तसं नाही, म्हणून त्यांना मी हा सल्ला दिला नाही.

ग्रुपचं राहिलं. पडद्यांवरची खूण आजच खोडा आणि मैत्रिणींना सांगा. लांबलचक कबुली नको, "पडदे अजून अर्धेच आहेत, घाईत टाकलं होतं" एवढं पुरे. मग विचारा, की आकड्याऐवजी प्रत्येकीने एक वाक्य टाकलं तर चालेल का : या आठवड्यात काय पुढे सरकलं आणि कुठे अडलंय. माझा अंदाज आहे की निदान एक तरी मैत्रीण सुटल्यासारखा श्वास टाकेल. चौघींना नको असेल तर आकडा टाकणं तुमच्यापुरतं थांबवा आणि वाक्य टाकत राहा. अडलं कुठे, हे सांगितल्याशिवाय मदतही मिळत नाही. पेटीच्या सरांना ओळखणारी कुणी त्या चौघींतच असेल.

आणि वारीचं आत्ताच बघून ठेवा. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आषाढी पुढे गेली आहे, २५ जुलैला. माऊलींची पालखी आपल्या जिल्ह्यात जुलैच्या मध्यावर येईल. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. पहिल्यांदा चालणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीचा दिवस मिळायचा नाही. पालखीचं वेळापत्रक जाहीर झालं की तारीख बघा, घरी सासूबाईंपाशी दिवसभर कोण थांबेल ते यजमानांशी बोलून ठरवा आणि रजेचा अर्ज जूनमध्येच देऊन टाका, कारण त्या आठवड्यात तुमच्या शाखेतले निम्मे लोक रजा मागणार आहेत.